पोचल्याची रेघ

मंगळवारी आणि शनिवारी आमच्याकडे संध्याकाळच्या भाकरी दुपारीच थापून होत. एरवी आई आण्णांना तव्यावरची भाकरी वाढायची, पण या दोन दिवशी ते बिचारे कचेरीतून आले की फडक्यात गुंडाळलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आटून दाट झालेली, भाजक्या डाळ-मसाल्याच्या येसराची आमटी निमूट खायचे. तक्रार एकच असे, तीही आमटीकडे बघून: "आज तुझ्या आईने आमटीलासुद्धा तालीम दिलेली दिसते." आई तोवर पोतं खांद्यावर टाकून उंबऱ्याबाहेर पडलेली असायची. पोत्यात टाळ असत. आमच्या गल्लीतून ती चालू लागली की आतले टाळ एकमेकांवर आपटत, आणि तो खणखणाट ऐकून दारादारातून मुली बाहेर येत. घंटा, भोंगा असलं काही नव्हतं. आईचं पोतं हीच आमच्या मंडळाची घंटा.

ओवी, नील, आण्णा म्हणजे तुमचे पणजोबा. ते पाटोद्याच्या तहसील कचेरीत कारकून होते. आई सातवी शिकलेली. तिने बायकामुलींचं भजनी मंडळ काढलं ते देवभक्तीने काढलं असं सगळे समजत, आणि तिनेही तो समज कधी खोडला नाही. खरं कारण मला नंतर कळलं. दिवाळी सरली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जात. बैलगाड्यांत भांडीकुंडी, कोंबड्या आणि तान्ही मुलं भरून माणसं साखर कारखान्यांकडे निघत, आणि शाळेत जाणारी मोठी मुलं मागे आजीआजोबांकडे राहत. हे आजीआजोबा थकलेले, कुणी शेरडांमागे रानात गेलेले. दिवेलागणीच्या वेळी या मुली रस्त्यावर, पारावर, दुकानाच्या फळीवर नुसत्या बसून असत. आई म्हणायची, "बसायचंच हाय तर माझ्यापुढं येऊन बसा." शाळेच्या व्हरांड्यात दोन कंदील टांगून तिने त्यांना बसवलं; तालीम उघड्यावर, सगळ्यांदेखत, हे पहिल्यापासूनचं. मुलींच्या मागून बायका आल्या, आणि दोन वर्षांत आम्ही चाळीसजणी झालो.

त्या चाळीसजणींत गंगूमावशी होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. आवाज जाडाभरडा, पण लयीला इतक्या पक्क्या की त्यांच्या टाळांवर ढोलकीवालीने चालावं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भर तालमीत आईला सुनावलं होतं. कुणीतरी मदत म्हणून त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं, तशा त्या कडाडल्या, "कोन हाय गं? म्या काय शेरडू हाय का, धरलं की वढलं? आधी नाव सांगायचं, मी हात पुढं करीन, मंग धरायचं!" सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिने तिथल्या तिथे तो मंडळाचा नेम करून टाकला: नाव सांगितल्याशिवाय आणि समोरचीने हात पुढे केल्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही. "फकस्त मावशीला न्हाई," आई म्हणाली, "समद्यांना. पोरींना सुदिक."

दुसरा नेम जोडीचा. प्रत्येक मुलीला एक जोडीदारीण. येताना दोघी, जाताना दोघी, आणि प्रत्येक गल्लीच्या टोळक्यामागे एक बाई. जोडीदारणीला तिच्या दारात सोडायचं, घरातल्या माणसाने "आली का" म्हटलेलं कानाने ऐकायचं, मग आपल्या घरी. हे सगळं लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी तेरा वर्षांची, अक्षर चांगलं, आणि आत्ता तुम्ही मला चिडवता तशी तेव्हाही टापटिपीची. वहीत प्रत्येक नावापुढे मुलगी आली की उभी रेघ मारायची. ती घरी पोचल्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत, रविवारी विहिरीवर, जोडीदारणीकडून कळलं, की त्या उभ्या रेघेवर आडवी रेघ. उभी रेघ मोकळी राहिली तर आई पोळपाट टाकून त्या मुलीच्या घराकडे निघत असे. एकदा एका मुलीची जोडीदारीण शाळेत आली नाही एवढ्यावरून आई भर उन्हात तिच्या वस्तीपर्यंत गेली होती. मुलगी खुशाल चिंचा खात बसली होती. आईही दोन चिंचा खाऊन परत आली.

ओवी, मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की तुझ्या तिकडच्या गाण्याच्या वृंदात दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय खोलीचं दार उघडत नाहीत, आणि मुलांच्या काळजीसाठी एक बाई मुद्दाम नेमलेल्या आहेत. त्याला तिकडे काय म्हणतात तेही तू सांगितलंस. नील म्हणाला, "आजी, तुमच्या वेळी असं काही नसेल ना?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण फोनवर ते सांगून झालं नसतं. म्हणून हे लिहिते आहे. आमच्याकडे त्याला शब्द नव्हता. एक वही होती, आणि ती वही मी एकदा खोटी केली.

माझी जोडीदारीण हौसा. आमच्या घरांच्या ओळीसमोर कडुनिंब, त्यापलीकडे हौसाच्या आजोबांचं घर. तिच्या दारातून आमचं दार दिसायचं, आणि आमच्या दारात आण्णा कंदील घेऊन उभे असायचे. हौसा बारा वर्षांची, काटकुळी, केसांत कायम एखादं कुसळ अडकलेलं. आईबाप तोडीवर, आजोबा शेरडं राखायचे. पण तोंड उघडलं की काय आवाज! तिला शिकवावं लागत नसे. आईने एकदा चाल म्हटली की दुसऱ्या वेळी हौसा तीच चाल आईपेक्षा चांगली म्हणायची, आणि आई खूश होऊन म्हणायची, "बघा, माझी चूक दुरुस्त केली पोरीनं." आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू, मला ते टोचायचं. आई माझी आणि कौतुक हौसाचं.

त्या वर्षी शिवरात्रीला आमच्या मंडळाला कपिलधारच्या देवळात गाण्याचं बोलावणं आलं. गावात आनंदीआनंद झाला. गावातल्या मोठ्या पुढाऱ्यांच्या पत्नी, त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत, आमच्यातच गायला बसायच्या. त्यांनी आष्टीकडून एक बुवा बोलावून घेतले. बुवांबरोबर त्यांची पेटी आली. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचीही पतवंडं आज तुमच्याएवढी असतील, आणि त्या मुलांनी काही केलेलं नाही. बुवांचं गाणं खरोखर उत्तम होतं. ढोलकी आणि टाळांवर गाणाऱ्या आम्हाला पेटीचे सूर म्हणजे पितळेच्या घरात चांदी आल्यासारखे वाटले. बायका त्यांच्या पाया पडत, आईही पडे. पहिल्याच मंगळवारी त्यांनी हौसाचा गळा ओळखला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "या पोरीला मुख्य आवाज द्या. मात्र तालीम संपल्यावर अर्धा तास माझ्यापाशी बसायला पाहिजे. गळा कच्चा आहे, पक्का करून देतो."

आईने क्षणभर विचार केला. कुणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर तिने सरळ नाही म्हटलं असतं, पण हे गुरू. गुरूला नेम कसा सांगायचा? तिने मधला मार्ग काढला. "बसू द्या. आमची इमल बसंल तिच्यासंगं." आणि ती गंगूमावशींना गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायला गेली.

पहिले दोन दिवस मी शाळेच्या वर्गात त्यांच्यासोबत बसले. तिसऱ्या दिवशी बुवा म्हणाले, "विमल, तू हुशार मुलगी. तुझा स्कॉलरशिपचा अभ्यास बुडतो. जा तू, मी सोडतो हिला." मला "हुशार" हा शब्द गोड लागला. शिवाय हौसा मध्ये बसून सूर लावते आहे आणि आपण कोपऱ्यात वही घेऊन बसलोय याचा मला कंटाळा आला होता. मी निघाले. हौसाने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही असं केलं. दारात आण्णांनी विचारलं, "हौसा?" मी म्हणाले, "पोचली." आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांच्या आडव्या रेघा मारून झाल्यावर तिच्या उभ्या रेघेवरही आडवी रेघ ओढून टाकली, कारण सगळ्या पानावर एकटी तीच रेघ मोकळी दिसत होती आणि मला पान स्वच्छ हवं होतं. असं मी तीनदा केलं. आण्णा पुन्हा विचारत, मी पुन्हा "पोचली" म्हणे.

चौथ्या खेपेला हौसा मागच्या ओळीत जाऊन बसली. बुवांनी पुढे बोलावलं तर घसा धरलाय म्हणाली. आईने तिला आल्याचा रस आणि गुळाचा खडा दिला. गाणं सुरू झालं. मध्येच गंगूमावशी टाळ थांबवून आईला म्हणाल्या, "काकू, मागच्या वळीत एक पोर नुस्ती व्हटं हलवतीय."

"तुमाला कसं कळलं, मावशी?" कुणीतरी हसून विचारलं.

"मला जे दिसत न्हाई त्येच तेवढं ऐकू येतंय बाई. हौसाचा आवाज कुटं गेला? घसा धरल्याला आवाज फाटतो. ह्यो गेलाच हाय."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी हौसाला कडुनिंबाखाली गाठलं. "गात का न्हाईस गं? एवढा मुख्य आवाज दिलाय तुला."

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "बुवा दार लावून घेत्यात. भायेरचा आवाज येतो म्हनं. पोटातून सूर काढ म्हनत्यात आन पोटावर हात ठिवत्यात. मी नगं म्हनलं तर हसत्यात. हात काढीत न्हाईत." तिने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "तू थांबली आस्तीस तर दार लावलं नस्तं त्येंनी."

त्या रात्रीचं मला काहीच आठवत नाही. सकाळचं मात्र आठवतं. आई चुलीपुढे होती. मी तिच्या पाठीमागे उभी राहून सगळं सांगितलं, हौसाने सांगितलेलं आणि माझ्या रेघांचंही, एका दमात. तव्यावरची भाकरी काळी पडून धूर निघायला लागला तरी तिने ती उलटली नाही. मला वाटलं आता उलथनं पाठीत बसणार. ती म्हणाली, "वही आण."

मी वही आणली आणि खोडरबरही आणलं. "त्ये ठेव तिकडं," आई म्हणाली. "पुसायचं न्हाई. त्या तिन्ही रेघांपुढं 'खोटी' असं लिही. तुझ्या हातानं, चांगल्या अक्षरात." मी रडत रडत तीनदा लिहिलं. ती वरून बघत होती. मग तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि त्याच पानाच्या वर, तिच्या मोठ्या वळणदार अक्षरात, लिहिलं: बुवांना नेम सांगितला नाही, ही पहिली चूक माझी. "आता चल," म्हणाली.

हौसाच्या घरी आईने तिला मांडीशी घेतलं नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "इमलनं सांगितलं मला. तू सांगितलंस त्ये खरं हाय, मला ठावं हाय. पुन्यांदा सांगायची गरज न्हाई. ह्येच्यापुढं त्यो मानूस तुझ्याजवळ बसायचा न्हाई." मग विचारलं, "आज्याला मी सांगू का तू सांगतीस?" हौसा म्हणाली, "तुमीच सांगा." आजोबा शेरडं सोडायच्या गडबडीत होते. ऐकून सोडलेलं शेरडू परत खुंट्याला बांधत ते म्हणाले, "बंद. उद्यापून गानं बंद पोरीचं." आई म्हणाली, "बाबा, चूक कुनी केली? बंद कुनी व्हायचं?" आजोबा शेरडं घेऊन रानात गेले. पण मंगळवारी हौसा आली, आणि तिच्या मागे व्हरांड्याच्या पायरीवर काठी आडवी ठेवून आजोबाही येऊन बसले.

त्या दिवशी आईने सगळ्यांना ऊन असतानाच बोलावलं होतं. बुवा पेटी उघडत होते. आई त्यांच्या पाया पडली नाही. उभ्यानेच म्हणाली, "बुवा, आमच्या मंडळाचा नेम हाय. तालीम समद्यांपुढं, दार उघडं, पोरीच्या अंगाला हात न्हाई. तुमी तिन्ही मोडलं. आजपून तुमी आमाला शिकवू नका." हौसाचं नाव तिने घेतलं नाही.

बुवा लाल झाले. "माझ्यावर संशय? तीस वर्षं गाणं शिकवतोय! श्वास पोटातून घ्यायचा असतो, तुम्हा अडाण्यांना काय कळणार? हात लावल्याशिवाय शिकवता येत नाही."

"मला तर गळ्याला बी कुनी हात लावला न्हाई," गंगूमावशी शांतपणे म्हणाल्या, "आन मी दिसत नसताना शिकले."

कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू ऐकून बुवांनी पेटी खाडकन मिटली. वहिनीसाहेब उठल्या. "काकू, अहो, शिवरात्र तोंडावर आली! एवढ्या मोठ्या माणसाला घालवता? त्यापेक्षा ज्या पोरीचं म्हणणं असेल तिला चार दिवस घरी बसवा. वाद मिटला."

"पोर न्हाई बसायची," आई म्हणाली.

तेवढंच. तिने आवाजही चढवला नाही. बुवा पेटी घेऊन गेले, वहिनीसाहेब त्यांच्यामागे गेल्या, आणि त्यांच्यामागे बऱ्याच बायका. बुवांच्या मागोमाग आईने आष्टीकडच्या ओळखीच्या बायकांना निरोपही धाडला, की मुलींची तालीम उघड्यावरच घ्या. आज असतं तर एवढ्यावर थांबून चाललं नसतं, पोलिसात जायला हवं होतं, आणि मी स्वतः गेले असते. त्या काळी आईला तो रस्ता ठाऊक नव्हता. जो ठाऊक होता त्यावर ती शेवटपर्यंत चालली.

घरी आण्णा येरझाऱ्या घालत होते. कचेरीत कुजबूज सुरू झाली होती. पुढाऱ्यांचा एक शब्द गेला असता तर त्यांची बदली दूर कुठेतरी झाली असती. आई त्यांच्यासमोर ताट ठेवून म्हणाली, "तुमच्या नोकरीचा इचार न्हाई केला मी." आण्णांनी आमटीत भाकरी कुस्करली. "बदली झाली तर झाली," ते म्हणाले. "तिथं काय पोरी नसतील? तिथं मंडळ काढ. फक्त आमटी जरा पातळ ठेवत जा." बदली झाली नाही. पण महिनाभर तरी रोज टपाल आलं की ते आधी लिफाफ्याच्या कोपऱ्यावर सरकारी शिक्का आहे का ते बघत, हे मी पाहिलं आहे. त्या माणसाचा मला आजही तेवढाच अभिमान वाटतो, आईचा वाटतो तेवढाच.

पुढच्या शनिवारी आम्ही अकराजणी होतो. पोत्यातले निम्मे टाळ बाहेरच निघाले नाहीत. हौसा येत होती, मागच्या ओळीत बसत होती, आणि गात नव्हती. आईने तिला एकदाही "गा" म्हटलं नाही. मला मात्र आईने वहीवरून काढलं नाही, उलट नवीन काम दिलं: तालीम संपेपर्यंत मी हौसाशेजारी बसायचं आणि ती उठेल तेव्हाच उठायचं. मी स्कॉलरशिपचं पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बसले. पहिल्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकातलं चित्र बघून म्हणाली, "ह्यो हत्ती हाय का डुक्कर?" मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वहिनीसाहेब आल्या. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी सुलोचना होती, आमच्याच वयाची, जी कधी मंडळात आली नव्हती. वहिनीसाहेबांनी माफी वगैरे काही मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. खाली बसत त्या मला म्हणाल्या, "इमल, वहीत आमच्या सुलीचं नाव लिही. आणि तिला जोडी कोण ते सांग." त्यांच्यामागून बाकीच्याही परतल्या. शिवरात्रीपर्यंत आम्ही पुन्हा तीसपस्तीसजणी झालो होतो.

कपिलधारला आम्ही एसटीने गेलो. भाकरी, ठेचा आणि उपासवाल्यांसाठी भगर, सगळं फडक्यात बांधून. देवळापुढे मांडवात इतर मंडळं बसली होती, प्रत्येकापुढे पेटी. आमच्यापुढे ढोलकी आणि आईचं पोतं. पेटी असली की गाणं किती उंच धरायचं ते ठरलेलं असतं. पेटी नसली तर सुरुवात करणारी जिथून उचलेल तिथून सगळ्यांना जावं लागतं. सुरुवात आई करणार असं ठरलं होतं. आमची पाळी आली. आईने टाळ हातात घेतले, तोंड उघडलं, आणि तिचा सूर निघायच्या आधीच मागून आवाज आला.

हौसा उभी राहिली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने अभंगाची पहिली ओळ उचलली ती इतक्या उंचावरून की मी आधी आईकडेच बघितलं. महिनाभर कोंडलेला आवाज, तो काय मापात थोडाच येणार! बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वहिनीसाहेब आईकडे झुकून घाईघाईने कुजबुजल्या, "काकू, लई वर धरलंय पोरीनं, आपल्याला जमायचं न्हाई. तिला खाली घ्यायला सांगा."

आईने मान वळवली नाही. "तिला खाली आनू नका," ती म्हणाली. "तुमी वर चला."

गंगूमावशींनी टाळ दिला आणि तो भरड गळा जमेल तेवढा ताणून वर नेला. मग वहिनीसाहेब चढल्या, मग एकेक करून सगळ्या. काहीजणींचे आवाज फाटले, काहींना खोकला आला, शेजारच्या मंडळातले लोक वळून बघायला लागले. मी हौसाशेजारी उभी होते आणि जन्मात कधी गायले नाही एवढ्या मोठ्याने गात होते. ती खाली आली नाही, आणि आमच्यातलीही कुणी खाली राहिली नाही.